कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला: प्रतिरोधाचे जनुक कसे शोधावे आणि अहवाल कसा द्यावा

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जीवाणू वाढला आणि मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकाच्या डिस्कभोवती जेमतेम १२ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जीवाणू न वाढलेली मोकळी जागा, दिसला, तर अहवालात ‘प्रतिरोधी’ एवढे लिहून सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे काम संपत नाही. हा जीवाणू औषधाला दाद का देत नाही हे कळल्याशिवाय वॉर्डातील डॉक्टरांना पुढचे औषध नीट निवडता येत नाही आणि त्या रुग्णाची खाट कुठे हलवायची हेही ठरवता येत नाही. जीवाणूत एनडीएम (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे कार्बापेनेम तोडणारे एक एन्झाइम) असेल, तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एकट्याने उपयोगाचे नाही, कारण अविबॅक्टमला ते एन्झाइम रोखता येत नाही. केपीसी किंवा ऑक्सा-४८ गटातील अशाच दुसऱ्या एन्झाइमचे जनुक असेल, तर तेच औषध बहुधा लागू पडते. आणि कोणतेही कार्बापेनेमेज, म्हणजे कार्बापेनेम तोडणारे एन्झाइम, नसताना, केवळ बाह्य आवरणातील पोरिन नावाची छिद्रे नाहीशी झाल्यामुळे व जोडीला ईएसबीएल (सेफॅलोस्पोरिनसारखी प्रतिजैविके तोडणारे एन्झाइम) असल्यामुळे प्रतिरोध आला असेल, तर प्रश्न निराळाच आहे. जनुक शोधायचे ते या दोन निर्णयांसाठी, म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर ते निर्णय डोळ्यांसमोर ठेवावेत.

हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही. नवी दिल्लीतील रुग्णालयात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएलात एनडीएम-१ प्रथम सापडले व त्याचे वर्णन २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आपल्याकडील २४ कार्बापेनेम-प्रतिरोधी जीवाणू तपासले, तेव्हा त्यांपैकी २२ मध्ये हे जनुक निघाले. नावावरून त्या काळी बराच वाद झाला; परंतु रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती मुंबईतील ही नोंद, कारण परदेशी प्रयोगशाळेची वाट न पाहता आपले जीवाणू आपणच तपासले पाहिजेत हे तिने दाखवून दिले.

नमुना आणि कॉलनी

जनुकाची चाचणी कितीही महागडी असली, तरी चुकीच्या नमुन्यातून आलेल्या जीवाणूवर केलेली चाचणी रुग्णाला अपाय करू शकते. रक्ताचे कल्चर शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावे, प्रौढ रुग्णात दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच घ्यावेत आणि प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त जाईल याची खात्री करावी. कॅथेटर असलेल्या रुग्णाची लघवी पिशवीतून कधीही घेऊ नये; नळीवरील ठरलेली जागा निर्जंतुक करून तेथून सुईने घ्यावी. मागणीपत्रावर नमुना संसर्गाच्या संशयाने पाठवला आहे की केवळ तपासणीसाठी घेतलेला गुदमार्गाचा स्वॅब आहे, हे स्पष्ट लिहून घ्यावे. आतड्यात एनडीएमधारी क्लेब्सिएला नुसता वस्तीला असलेल्या रुग्णाला प्रतिजैविकाची गरज नसते. त्याला हवी असते ती संसर्ग-नियंत्रणाची काळजी. हा फरक प्रयोगशाळेने अहवालात जपला नाही, तर वॉर्डात कोलिस्टिन विनाकारण सुरू होते आणि त्या औषधाने मूत्रपिंडांना होणारी इजा रुग्णाच्या वाट्याला येते.

कोणते जीवाणू पुढच्या चाचणीसाठी घ्यायचे, याचा निकष सोपा ठेवावा. सीएलएसआय या प्रयोगशाळा-मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मानकांनुसार एंटेरोबॅक्टरेल्स गणातील (क्लेब्सिएला, ई. कोलाय इत्यादी) जीवाणूंसाठी १० मायक्रोग्रॅमच्या मेरोपेनेम डिस्कभोवती २३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा झोन म्हणजे संवेदनशील, २० ते २२ म्हणजे मध्यम आणि १९ किंवा त्याहून लहान म्हणजे प्रतिरोधी. मेरोपेनेम, इमिपेनेम किंवा एर्टापेनेम यांपैकी एकालाही जीवाणू मध्यम किंवा प्रतिरोधी निघाला, तर त्याला पुढे न्यावे. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा: प्रोटियस, प्रॉव्हिडेन्सिया आणि मॉर्गनेला यांची इमिपेनेमची संवेदनशीलता मुळातच कमी असते, म्हणून त्यांच्या बाबतीत केवळ इमिपेनेमवरून संशय घेऊ नये.

कॉलनी उचलताना आणखी एक खबरदारी घ्यावी, जी पुष्कळ ठिकाणी घेतली जात नाही. ही जनुके बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या लहान वर्तुळावर, असतात आणि प्रतिजैविक नसलेल्या माध्यमावर जीवाणूचे वारंवार उपकल्चर केल्यास काही पेशी प्लाझ्मिड गमावतात. म्हणून उपकल्चर करताना प्लेटवर मेरोपेनेमची एक डिस्क ठेवावी आणि तिच्या जवळ वाढलेल्या भागातून कॉलनी घ्याव्यात. वाढ शुद्ध आहे ना, हे त्याच वेळी पाहावे. क्लेब्सिएलाच्या मऊ, चिकट कॉलनींखाली स्यूडोमोनास दडलेला असू शकतो आणि मग पुढचा प्रत्येक निष्कर्ष दोन जीवाणूंचा मिळून होतो.

पीसीआर यंत्र नसतानाची चाचणी

ज्या प्रयोगशाळेत पीसीआर यंत्र (डीएनएचा ठरावीक भाग अनेक पटींनी वाढवून जनुक शोधणारे) नाही, तिने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. एमसीआयएम (सुधारित कार्बापेनेम-निष्क्रियता पद्धत) या चाचणीला टीएसबी हे द्रव माध्यम, मेरोपेनेमच्या डिस्क, म्युलर-हिंटन अगर आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित संवेदनशील जीवाणू एवढेच लागते, आणि हे साहित्य जिल्हा रुग्णालयातही असते. माझ्या मते प्रत्येक प्रयोगशाळेने आधी या चाचणीवर हात बसवावा आणि नंतरच यंत्रांकडे वळावे. जीवाणू कार्बापेनेम प्रत्यक्ष तोडतो की नाही हे ती दाखवते, आणि पीसीआरच्या यादीत नसलेले एन्झाइमही तिच्यातून सहसा निसटत नाही.

ब्लड अगरवरील रात्रभरच्या ताज्या वाढीतून १ मायक्रोलिटरच्या लूपने भरून जीवाणू घ्यावा आणि २ मिलिलिटर टीएसबीच्या नळीत मिसळावा. स्यूडोमोनास असेल, तर लूप १० मायक्रोलिटरचा घ्यावा. नळी १० ते १५ सेकंद व्हॉर्टेक्स करावी, १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क निर्जंतुक चिमट्याने द्रवात पूर्ण बुडेल अशी टाकावी आणि नळी ३५ अंश सेल्सिअसला चार तास ठेवावी. या चार तासांत पंधरा मिनिटांपेक्षा अधिक कमी-जास्त होऊ देऊ नये. वेळ संपत आली की ई. कोलाय एटीसीसी २५९२२ चे ०.५ मॅकफार्लंड घनतेचे मिश्रण तयार करून म्युलर-हिंटन अगरवर नेहमीप्रमाणे पसरावे. मग १० मायक्रोलिटरच्या लूपने डिस्क नळीतून काढावी, लूपच्या कडेने ती नळीच्या आतील भिंतीवर दाबत वर आणून जास्तीचा द्रव निथळू द्यावा, आणि पसरलेल्या ई. कोलायवर ठेवून प्लेट उलटी करून १८ ते २४ तास ३५ अंशांवर ठेवावी. डिस्कमधील द्रव न निथळता ती तशीच ठेवली, तर भोवती वाढीचा एक ओघळ तयार होतो आणि झोन मोजता येत नाही.

यामागचे कारण समजून घेतले की वाचन आपोआप बरोबर येते. तपासलेल्या जीवाणूने चार तासांत डिस्कमधील मेरोपेनेम तोडले असेल, तर त्या डिस्कमध्ये औषध उरलेले नसते आणि संवेदनशील ई. कोलाय डिस्कपर्यंत वाढतो. ६ ते १५ मिलिमीटरचा झोन, किंवा १६ ते १८ मिलिमीटरच्या झोनमध्ये टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी, म्हणजे चाचणी सकारात्मक. १९ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा स्वच्छ झोन म्हणजे नकारात्मक. १६ ते १८ मिलिमीटरचा स्वच्छ झोन, अथवा १९ च्या पुढच्या झोनमध्ये अशा बारीक कॉलनी, म्हणजे निकाल अनिश्चित. अशा वेळी जीवाणूची आणि ई. कोलायची शुद्धता पाहून चाचणी पुन्हा करावी. डिस्कचा व्यासच ६ मिलिमीटर असतो, म्हणून ६ चा अर्थ झोनच नाही असा घ्यावा.

एन्झाइम धातूवर चालणारे आहे का हे पाहण्यासाठी त्याच वेळी ईसीआयएम, म्हणजे याच चाचणीचे ईडीटीए हे रसायन घातलेले रूप, लावावे. त्यासाठी दुसऱ्या नळीतील २ मिलिलिटर टीएसबीत ०.५ मोलर ईडीटीएचे २० मायक्रोलिटर मिसळावेत आणि बाकी सर्व कृती तशीच करून दोन्ही डिस्क एकाच प्लेटवर ठेवाव्यात. एनडीएम, व्हीआयएम आणि आयएमपी यांना काम करण्यासाठी जस्त लागते. ईडीटीए ते जस्त काढून घेते, एन्झाइम निकामी होते आणि मेरोपेनेम डिस्कमध्ये टिकते. म्हणून ईडीटीए असलेल्या डिस्कभोवतीचा झोन दुसरीपेक्षा ५ मिलिमीटर किंवा अधिक वाढला, तर मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे असे धातूवर चालणारे एन्झाइम, आहे असे म्हणावे. ४ किंवा त्याहून कमी फरक असेल, तर नाही. ईसीआयएमच्या झोनमधील बारीक कॉलनी येथे विचारात घेऊ नयेत आणि एमसीआयएम सकारात्मक नसेल, तर ईसीआयएम वाचूच नये.

आपल्याकडच्या रुग्णालयांत या चाचणीची एक मर्यादा फार महत्त्वाची ठरते. एकाच क्लेब्सिएलात एनडीएम आणि ऑक्सा-४८ गटातील जनुक, विशेषतः ऑक्सा-१८१ किंवा ऑक्सा-२३२, एकत्र असणे भारतात दुर्मीळ नाही. अशा जीवाणूत ईडीटीएने एनडीएम थांबले तरी दुसरे एन्झाइम मेरोपेनेम तोडतच राहते आणि ईसीआयएम खोटे नकारात्मक येते. त्यामुळे एमसीआयएम सकारात्मक आणि ईसीआयएम नकारात्मक आले, म्हणून ‘एनडीएम नाही’ असे कधीही लिहू नये. ‘कार्बापेनेमेज आहे, प्रकार ठरवण्यासाठी जनुकाची चाचणी आवश्यक’ असे लिहावे आणि ती होईपर्यंत एनडीएम असल्याचे गृहीत धरूनच चालावे. तसेच एमसीआयएम असिनेटोबॅक्टरसाठी नाही; त्यात ऑक्सा-२३ हे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते आणि ते थेट पीसीआरनेच शोधावे.

प्रत्येक खेपेला क्लेब्सिएला एटीसीसी बीएए-१७०५ हा केपीसीधारी, बीएए-१७०६ हा कार्बापेनेमेज नसलेला आणि बीएए-२१४६ हा एनडीएमधारी, असे नियंत्रण-जीवाणू सोबत लावावेत. ते अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तर त्या दिवसाचा एकही निकाल बाहेर जाऊ देऊ नये.

पीसीआर

कल्चरवरील जीवाणूसाठी डीएनए काढण्याची महागडी किट लागत नाही. दोन-तीन कॉलनी २०० मायक्रोलिटर न्यूक्लिएज-मुक्त पाण्यात मिसळून ९५ ते १०० अंशांवर दहा मिनिटे उकळाव्यात, थंड करून वेगाने सेंट्रिफ्यूज कराव्यात आणि वरचा स्वच्छ द्रव वापरावा. कॉलनी जास्त घेतल्या म्हणून निकाल चांगला येतो असे नाही. पेशींचा गाळ पीसीआरला अडथळाच आणतो. हा द्रव छोट्या भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवावा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा गोठवावा-वितळवावा लागत नाही.

बहुतेक प्रयोगशाळा पाच कुळांसाठी मल्टिप्लेक्स पीसीआर, म्हणजे एकाच नळीत अनेक जनुकांची पीसीआर, करतात. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रायमर-संचात (प्रायमर म्हणजे हव्या त्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे लहान तुकडे) जेलवर एनडीएमचा पट्टा ६२१, ऑक्सा-४८ गटाचा ४३८, केपीसीचा ७९८, व्हीआयएमचा ३९० आणि आयएमपीचा २३२ बेस-जोड्यांवर दिसतो. १०० बेस-जोड्यांची लॅडर (लांबी मोजण्याची डीएनए-पट्टी) लावून २ टक्के अगॅरोजवर हे पाचही पट्टे स्पष्ट वेगळे होतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पाचही प्रायमर एकदम एका नळीत घालू नयेत. आधी एनडीएम आणि ऑक्सा-४८ ही जोडी व्यवस्थित बसवावी, कारण भारतातील रुग्णालयांत बहुतांश काम त्या जोडीचेच पडते, आणि मग बाकीचे जोडावेत.

पीसीआरमध्ये घात होतो तो बहुधा दूषणाने. मास्टर मिक्स (पीसीआरच्या रसायनांचे मिश्रण) तयार करण्याची जागा, डीएनए मिसळण्याची जागा आणि जेल चालवण्याची जागा वेगवेगळ्या असाव्यात. माणसे, पिपेट आणि ॲप्रन यांचा प्रवास याच दिशेने व्हावा, उलट कधीही नाही. एकच खोली असेल, तर निदान मास्टर मिक्ससाठी वेगळा कॅबिनेट आणि वेगळा पिपेट-संच ठेवावा. प्रत्येक खेपेत ज्ञात सकारात्मक, ज्ञात नकारात्मक आणि डीएनएऐवजी केवळ पाणी घातलेली नळी लावावी. याखेरीज प्रत्येक नमुन्यात १६-एस आरआरएनए या सर्व जीवाणूंत असणाऱ्या जनुकाचा पट्टा तपासावा. तो आला नाही, तर डीएनएच मिळालेला नाही किंवा पीसीआर अडली आहे, आणि अशा नळीतील ‘एनडीएम नाही’ या निकालाला काहीही किंमत नाही. ही तपासणी खर्च वाचवण्यासाठी गाळलेली अनेकदा दिसते, आणि गंभीर रुग्णाच्या औषधाचा निर्णय त्यावर टेकलेला असताना ती गाळणे मला अक्षम्य वाटते.

जेलवरचा पट्टा कूळ सांगतो, उपप्रकार नाही. ६२१ चा पट्टा एनडीएम-१ चा आहे की भारतातील ई. कोलायमध्ये वारंवार आढळणाऱ्या एनडीएम-५ चा, हे अनुक्रमणाशिवाय, म्हणजे डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचल्याशिवाय, कळत नाही. म्हणून अहवालात ‘एनडीएम-१’ न लिहिता ‘एनडीएम’ एवढेच लिहावे.

कार्ट्रिजवर चालणारे एक्सपर्ट कार्बा-आर हीच पाच कुळे सुमारे तासाभरात सांगते आणि गुदमार्गाच्या स्वॅबवर थेट चालते. कॉलनीवर लावायच्या पट्टीच्या चाचण्या साधारण पंधरा मिनिटांत निकाल देतात. रक्ताच्या कल्चरमधील जीवाणूसाठी हा खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो. लघवीतील प्रत्येक जीवाणूसाठी तो करण्याची गरज नाही.

संपूर्ण जीनोमचे अनुक्रमण

रोजच्या उपचारासाठी अनुक्रमणाची वाट पाहू नये. एकाच वॉर्डात काही दिवसांत सारखे जीवाणू दिसू लागले, किंवा झोन आणि पीसीआर यांचा मेळ बसेना, तर मात्र ते करावे. मिळालेली माहिती रेसफाइंडर, कार्ड किंवा एएमआरफाइंडरप्लस या प्रतिरोधाची जनुके ओळखणाऱ्या मुक्त साधनांत घालता येते. शक्य असल्यास दोन साधने वापरावीत आणि जुळणीची टक्केवारी व जनुकाचा किती भाग सापडला हे दोन्ही पाहावे. अर्धेच सापडलेले जनुक काम करते असे मानू नये.

या साधनांनी दिलेली लांबलचक यादी पाहून नवखा वाचक घाबरतो. क्लेब्सिएला न्यूमोनिएत एसएचव्ही, एफओएसए आणि ओक्यूएक्सएबी ही जनुके त्याच्या गुणसूत्रावर मुळातच असतात आणि जवळजवळ प्रत्येक अहवालात दिसतात. ती बाहेरून आलेली नाहीत. असिनेटोबॅक्टर बॉमानीतील ऑक्सा-५१ चेही तसेच: ते त्या प्रजातीची ओळख पटवायला उपयोगी आहे, परंतु त्याच्या पुढे आयएसएबीए-१ हा घटक येऊन बसलेला नसेल, तर केवळ त्यामुळे कार्बापेनेमचा प्रतिरोध येत नाही. याउलट, काही प्रतिरोध जनुकांच्या यादीत दिसतच नाही. क्लेब्सिएलातील कोलिस्टिनचा प्रतिरोध बऱ्याचदा एमजीआरबी हे जीवाणूचे स्वतःचेच जनुक मोडल्यामुळे येतो. २०१५ मध्ये चीनमधून वर्णन झालेले एमसीआर-१ हे कोलिस्टिन-प्रतिरोधाचे जनुक शोधून ते सापडले नाही, म्हणून कोलिस्टिन चालेल असे म्हणता येत नाही. कोलिस्टिनसाठी डिस्क तर वापरूच नये. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच, म्हणजे द्रव माध्यमात औषधाचे वेगवेगळे प्रमाण लावून पाहण्याची चाचणीच, करावे.

एका वॉर्डातील चार रुग्णांत एनडीएम निघाले म्हणजे एकाच जीवाणूची साथ आहे असे ठरत नाही. तोच क्लेब्सिएला एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेलेला असू शकतो, तसेच एकच प्लाझ्मिड क्लेब्सिएलातून ई. कोलायमध्ये उडी मारून गेलेले असू शकते. पहिल्या शक्यतेसाठी सिक्वेन्स टाइप (एसटी, जीवाणूचा वंश दाखवणारा क्रमांक) व जीनोममधील फरक पाहावेत. भारतातील रुग्णालयांत एसटी-२३१ आणि एसटी-१४७ यांसारखे वंश वारंवार आढळतात, म्हणून नुसता टाइप जुळणे पुरेसे नाही. दुसऱ्या शक्यतेसाठी लांब वाचनाचे अनुक्रमण लागते, कारण लहान तुकड्यांतून प्लाझ्मिड पूर्ण जोडता येत नाही.

जनुक आणि झोन जुळले नाहीत तर

जनुक सापडले नाही याचा अर्थ औषध चालेल असा होत नाही. झोन लहान, एमसीआयएम नकारात्मक आणि पीसीआर नकारात्मक असेल, तर पोरिन गेल्याची शक्यता धरून जीवाणू प्रतिरोधी म्हणूनच कळवावा. झोन लहान, एमसीआयएम सकारात्मक आणि पीसीआर नकारात्मक असेल, तर यादीत नसलेले एन्झाइम असू शकते. असा जीवाणू संदर्भ-प्रयोगशाळेकडे पाठवावा. जनुक सापडले, पण मेरोपेनेमचा झोन मोठा आहे, असेही होते, विशेषतः ऑक्सा-४८ गटात, जेथे एन्झाइम मेरोपेनेम हळू तोडते. अशा वेळी दूषण नाही याची खात्री करून एमआयसी (जीवाणूची वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण) काढावी आणि जनुकाची माहिती डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगावी.

एनडीएम असल्यास सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अझ्ट्रिओनाम या जोडीचा विचार होतो. एनडीएम अझ्ट्रिओनाम तोडत नाही. ते तोडणाऱ्या ईएसबीएलना अविबॅक्टम रोखते. तरीही एनडीएम दिसले म्हणून ही जोडी चालेलच असे अहवालात सुचवू नये. भारतातील एनडीएमधारी ई. कोलायमध्ये अझ्ट्रिओनाम ज्याला चिकटते त्या पीबीपी-३ या प्रथिनात चार अमिनो आम्ले जास्तीची घुसलेली पुष्कळदा आढळतात आणि त्यामुळे अझ्ट्रिओनामचा परिणाम कमी होतो. म्हणून जोडीची चाचणी ब्रॉथ डिस्क इल्यूशन पद्धतीने (डिस्कमधील औषधे द्रव माध्यमात उतरवून) त्या रुग्णाच्याच जीवाणूवर करावी.

अहवाल, नोंद आणि साठवण

रक्तातील जीवाणूत कार्बापेनेमेज दिसताच छापील अहवालाची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि संसर्ग-नियंत्रण परिचारिकेला दूरध्वनी करावा, आणि कोणाला, किती वाजता सांगितले हे नोंदवहीत लिहावे. अहवालात जीवाणूचे नाव, नमुन्याचा प्रकार, झोन किंवा एमआयसी, जनुकाचे कूळ आणि त्याखाली एक साधे वाक्य असावे, उदाहरणार्थ: ‘एनडीएम आढळले. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एकटे देऊ नये. संपर्क-दक्षता पाळावी.’ रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला जनुकांच्या नावांचा अर्थ पाठ असेलच असे नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा प्रयोगशाळेने ठेवू नये. वॉर्डात रुग्णाला शक्यतो स्वतंत्र खोली, नाहीतर अशाच रुग्णांसोबत एका बाजूला खाट द्यावी. स्टेथोस्कोप व रक्तदाबाचे उपकरण त्याच्यापुरते वेगळे ठेवावे आणि हातांच्या स्वच्छतेवर प्रत्यक्ष लक्ष ठेवावे.

रुग्णालयाचा वार्षिक अँटिबायोग्राम (कोणत्या औषधाला किती टक्के जीवाणू दाद देतात याचा तक्ता) करताना एका रुग्णाचा त्या काळातील त्या प्रजातीचा पहिलाच जीवाणू मोजावा. तसे न केल्यास दीर्घकाळ दाखल असलेला एकच रुग्ण प्रतिरोधाची टक्केवारी फुगवतो. जीवाणू संशोधनासाठी वापरायचे असतील, तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी आधी घ्यावी आणि नाव व नोंदणी क्रमांक काढून सांकेतिक क्रमांक द्यावेत.

काम झालेल्या प्लेट आणि नळ्या प्रयोगशाळेतच ऑटोक्लेव्ह करून जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पिवळ्या पिशवीत जाव्यात; एनडीएमधारी जीवाणू सांडपाण्यात सोडणे म्हणजे ते प्लाझ्मिड दुसऱ्या जीवाणूंच्या हाती देणे होय. साठवायचे जीवाणू १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, प्रत्येकाच्या दोन कुप्या करून, उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि कुपीवर सापडलेले जनुक व तारीख लिहावी. पुढे कधी तो जीवाणू बाहेर काढला, तर मेरोपेनेमची डिस्क ठेवलेल्या प्लेटवर वाढवावा आणि नियंत्रण म्हणून वापरण्याआधी जनुकाची पीसीआर पुन्हा करून ते अजून त्यात आहे याची खात्री करावी.